पहिले तीनशे आपले

माझा पुतण्या परवा नव्या गाडीचा विमा काढून आला आणि ओसरीवर बसून मोठ्या तोऱ्यात सांगायला लागला, "आत्या, फुल इन्शुरन्स केला आहे. कुछ भी हो जाए, कंपनी देगी." मी विचारलं, "सगळं देगी? पहिला हिस्सा कुणाचा ते विचारलंस का?" तो हसला आणि म्हणाला, "ते थोडंसं आपलं असतं गं." थोडंसं! माझं डोकंच सणकलं. चहाही न विचारता मी उठून आत गेले. बिचाऱ्याला वाटलं असेल, म्हातारी चळली.

त्या थोड्याशातच माझा जन्म गेला, हे त्याला कुठून माहीत असणार? घरात कुणालाच माहीत नाही. आता सांगते.

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, एक मोटार होती. मोटार म्हणजे मालाचा ट्रक, पण आमच्या बुऱ्हाणपुरात तेव्हा चाकांवर आपलं आपण पळेल त्या सगळ्याला मोटारच म्हणत. फोपनारच्या मळ्यांतून केळीचे घड भरून स्टेशनवर आणायचे, केळी नसली की खंडव्याकडे कापसाच्या गाठी न्यायच्या, हे त्यांचं काम. गाडी स्वतःच चालवायचे. चौथी शिकलेले होते. मराठी वाचायचे, सही झोकात करायचे, पण इंग्रजीचा कागद आला की तो दोन बोटांत असा धरायचे की जणू आताच इस्त्रीखालून निघालाय. मग हाक मारायचे, "बेटा, ये गं, हे काय म्हणतंय बघ."

कारण मी मॅट्रिक झाले होते. आमच्या गल्लीतली पहिली मुलगी. गल्लीत कुणाकडे तार येवो, कोर्टाचं समन्स येवो, डॉक्टरची चिठ्ठी असो, वाचायला मला बोलवायचे. अर्ज लिहायचा तर माझ्याकडेच, कारण माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं मास्तर म्हणाले होते आणि आबांनी ते गावभर केलं होतं. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू, फार गर्व होता.

मला नागपूरच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं होतं. शिकवायचं प्रमाणपत्र घ्यायचं, पक्की शिक्षिका व्हायचं. तेव्हा आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती. संस्थानं खालसा होऊन इकडेतिकडे जोडली गेली होती, नकाशे दरवर्षी बदलत होते, पण बुऱ्हाणपूरच्या मुलीला नागपूर परकं नव्हतं. मराठी वर्ग, आपल्याच प्रांतातल्या मुलींसाठी ठेवलेल्या जागा, आणि माझे मार्क बघून त्यांनी जागा देऊही केली होती. आबांनी वर्षाची फी आणि वसतिगृहाचे मिळून तीनशे रुपये लोखंडी पेटीत वेगळे बांधून ठेवले होते. माय रोज देवाला दिवा लावताना पेटीलाही एक नमस्कार करायची.

आणि त्याच उन्हाळ्यात असीरगढच्या खालच्या वळणावर समोरून एक ट्रक रस्ता सोडून आला आणि आबांच्या मोटारीचं तोंड चेपून गेला. भर दुपारची गोष्ट. आबांना खरचटलंसुद्धा नाही. चूक सरळ सरळ समोरच्याची होती, पोलिसांच्या पंचनाम्यातही तेच आलं. तो ट्रक असीरच्याच एका माणसाचा, तोच मालक आणि तोच ड्रायव्हर. आम्ही त्याला असीरवाला म्हणायचो.

मोटारीचा विमा होता. आमच्या ओळखीचे एक एजंटकाका सायकलवरून फिरत विमे उतरवायचे, त्यांनीच उतरवला होता. ते घरी आले, आबांना धीर दिला आणि मग जरा खाली बघत म्हणाले, "फक्त एक आहे भाऊ. नुकसानीतले पहिले तीनशे आपले. पुढचं सगळं कंपनी देईल."

आबा म्हणाले, "पहिले तीनशे आपले म्हणजे? चूक त्याची, आणि भरायचे मी?"

"तसाच करार असतो. पण घाबरू नका. चूक समोरच्याची आहे ना? कंपनी त्याच्यावर दावा लावेल, वसूल करेल, आणि त्यातून तुमचे तीनशेही परत देईल."

मिस्त्री पैसे हातात पडल्याशिवाय गाडी सोडेना. गाडी सुटल्याशिवाय घरात दाणा येईना. आबांनी पेटी उघडली. माझ्याकडे बघून म्हणाले, "येतात गं परत. या वर्षी नाही, पुढच्या जूनला जा. कंपनीचं काम आहे, बुडायचं नाही." मी म्हटलं, "हो आबा, काय घाई आहे?" आत जाऊन मात्र उशीत तोंड खुपसून रडले. कॉलेजला पत्र टाकलं, त्यांचं उत्तर आलं की पुढच्या वर्षी जागा मिळेल. तेवढ्यावर मी जगायला लागले.

कंपनीनं तीनशे सोडून बाकीची दुरुस्ती दिली, आणि त्याबरोबर नागपूरच्या शाखेतून एक कागद सहीसाठी पाठवला. दोन पानं, बारीक टाइप केलेली, इंग्रजीत. आबांनी हात धुतले, बंडीला पुसले, पाटावर बसले आणि म्हणाले, "वाच बेटा. सगळं वाच हं."

मी वाचायला लागले. पहिलं पान बरं होतं. सांगत गेले: "आता त्या असीरवाल्यावर दावा करायचा जो हक्क तुमचा होता, तो कंपनीचा झाला. तुमच्या जागी कंपनी उभी राहणार. वसुली झाली की तुमचे तीनशे त्यातून तुम्हाला." आबा मान डोलवत होते. माय दारात पदर खोचून उभी होती. शेजारची एक काकू निवडायचं सूप घेऊन ऐकायला येऊन बसली होती.

दुसऱ्या पानावर एक वाक्य आलं. पाच ओळींचं एकच वाक्य. मी एकदा मनात वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. काही केल्या त्याचा अर्थ लागेना. नुसतं कळत होतं की तुम्ही अमुक करू नये असं काहीतरी आहे. काय करू नये ते त्या पाच ओळींच्या जाळीत कुठे अडकलं होतं, देव जाणे. आबा म्हणाले, "काय झालं?"

मला काय झालं होतं? लाज वाटत होती. काकू बघत होती. गल्लीतली पहिली मॅट्रिक अडली, हे संध्याकाळपर्यंत चार घरांत गेलं असतं. मी म्हटलं, "काही नाही. हे असंच असतं, सगळ्या कागदांत असतं," आणि पुढच्या ओळीवर गेले. आबांनी सही केली. एजंटकाकांना विचारून येते म्हटलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर होतं.

मग दसरा आला. मोटारवाल्यांच्या घरी दसरा म्हणजे दिवाळीच्या वरताण. आबांनी मोटार धुतली, झेंडूचे हार घातले, बोनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. दुपारी गल्लीतली माणसं सोनं लुटायला येत-जात होती. आपट्याची पानं द्यायची, गळाभेट घ्यायची, वर्षभराचं काय असेल ते सोडून द्यायचं. आणि त्या गर्दीत असीरवाला आला. बरोबर त्याचे दोन वडीलधारे. हातात आपट्याची पानं. डोळ्यांत पाणी घेऊन आला होता बिचारा. आबांच्या पायाला हात लावायला वाकला, तर आबांनी त्याला वरच्या वर धरला.

"भाऊ, गलती माझी होती," तो म्हणाला. "कंपनीची नोटीस येणार म्हणतात. कोर्ट-कचेरी माझ्यानं व्हायची नाही." आणि त्यानं रुमालात बांधलेले पैसे काढले. "तुमचे तीनशे गेले म्हणून ऐकलं. हे पूरे आहेत. घ्या, आणि दिल साफ करा."

पैसे समोर होते. माझी फी, माझं नागपूर, त्या रुमालात. आबांनी त्याची मूठ दोन्ही हातांनी बंद केली आणि म्हणाले, "आज दसरा आहे. सोनं घेऊन आलेल्या माणसाकडून पैसे घेऊ? अरे, माझे तीनशे कंपनीकडून यायचे आहेत. तू कशाला देतोस?"

त्यांना वाटत होतं कंपनी आपल्या तिजोरीतून देणार. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं. ते तीनशे ह्याच माणसाच्या ह्याच रुमालातून कंपनीमार्गे फिरून यायचे होते, हे त्या अंगणात उभ्या असलेल्या एकालाही समजलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर तो कागद वाचला होता.

त्यांच्यातला एक वडीलधारा म्हणाला, "मग एवढं लिहून द्या, म्हणजे पोराच्या जिवाला घोर नको." आबांनी माझ्याकडे बघितलं. केवढ्या अभिमानानं बघितलं! "माझी पोरगी लिहील. अक्षर बघाल तिचं."

मी आत जाऊन दौत आणली. ओसरीवर बसून, बाया-माणसं भोवती, मी लिहिलं: उभयतांमध्ये आता काहीही वाद उरलेला नाही. अपघाताबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही. पुढे कोणताही दावा आम्ही अगर आमच्या वतीने कोणीही करणार नाही. 'आमच्या वतीने कोणीही' हे माझ्या मनचं. कुणी सांगितलं नव्हतं. वाक्याला वजन यावं म्हणून घातलं. आबांनी खाली झोकात सही केली, सगळ्यांनी वाहवा केली, मायनं असीरवाल्याला श्रीखंड वाढलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी खळेना. मला त्या दिवशी खूप छान वाटलं होतं. आग लागो त्या छान वाटण्याला.

होळी झाली आणि कंपनीचं पत्र आलं. आबा मोटार घेऊन फोपनारला गेले होते. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. ह्या वेळी वाक्यं छोटी होती, सगळी समजली. कंपनीनं असीरवाल्याला नोटीस दिली, तेव्हा त्यानं आमचा कागद पुढे केला. त्या कागदाची नक्कल सोबत जोडलेली होती. तुम्ही स्वतःच दावा सोडून दिलात, म्हणून तुमच्या जागी उभं राहून वसुली करणं आता कंपनीला शक्य नाही. तुमचे तीनशे मिळणार नाहीत. आणि पहिल्या कागदात आम्ही आधीच लिहिलं होतं की आम्हाला विचारल्याशिवाय समोरच्याला काहीही माफ करू नये.

तेच ते वाक्य होतं. पाच ओळींचं.

मी नक्कल उघडली. नकलेत कुणा कारकुनानं माझी वाक्यं उतरून काढली होती, 'आमच्या वतीने कोणीही' सकट. आबा संध्याकाळी आले, हात धुऊन पाटावर बसले. "कंपनीचं आलं म्हणे. वाच."

मी पत्र तोंडासमोर धरलं आणि म्हटलं, "कंपनी दावा हरली आबा. काही मिळणार नाही म्हणतात."

"हरली?"

"हो."

आबांनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "चोर आहेत साले." मी म्हटलं, "चोरच." तिथून ते सुरूच झालं. जेवताना विषय निघाला की ते म्हणायचे, कंपनीवाले चोर, आणि मी म्हणायची, पक्के चोर. माय म्हणायची, त्यांचं वाटोळं होवो. सगळं घर मिळून कंपनीला शिव्या घालायचो.

जून जवळ येत होता. एकदा मी मनाचा हिय्या करून मोटारस्टँडपर्यंत गेले. असीरच्या गाडीत बसायचं, त्या माणसाला गाठायचं आणि म्हणायचं, भाऊ, तो रुमाल द्या. त्यानं दिलाही असता. पण मग तो आबांकडे आला असता, आणि आबांनी विचारलं असतं, पोरगी का गेली होती, आणि त्या 'का' च्या मागोमाग ते वाक्य बाहेर पडलं असतं. गाडी भरली, सुटली. मी भाजी घेऊन घरी आले.

जून गेला. कॉलेजनं जागा दुसरीला दिली. त्याच दिवाळीच्या सुमारास राज्य मोडलं. नागपूर तिकडे मुंबईकडे गेलं, आम्ही भोपाळकडे राहिलो. एका रात्रीत मी तिथे परकी झाले. आता फी असती तरी जागा नव्हती. इकडे सगळं हिंदीत, नवे नियम, नव्या ओळखी. मला एका प्राथमिक शाळेत ठेवलं, पण 'अनट्रेंड' म्हणून, म्हणजे ट्रेनिंग न झालेली. निवृत्त होईपर्यंत हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे तो शब्द होता. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली ट्रेनिंग करून आल्या, मोठ्या बाई झाल्या, आणि मला म्हणायच्या, "बाई, आपका अक्षर कितना सुंदर है, बोर्ड आप ही लिख दो." लिहायची मी. काय करणार!

आबा त्या पत्रानंतर चारेक वर्षांनी गेले. शेवटी मोटार विकली होती आणि नुसते ओसरीवर बसायचे. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, विसरले. तापीच्या राजघाटावर दहावं झालं, आणि दोन दिवसांनी दुपारी एजंटकाका बसायला आले. थकले होते, सायकल सुटली होती. मी चहा ठेवला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "एक गोष्ट मनात ठेवून आहे बेटा. आता सांगायला हरकत नाही."

कंपनीनं त्या पत्राची एक प्रत त्यांनाही पाठवली होती. आमच्याकडे पत्र आलं त्याच दुपारी त्यांनी फोपनारच्या रस्त्यावर आबांना गाठलं आणि सगळं समजावून सांगितलं. म्हणजे संध्याकाळी पाटावर बसून आबांनी "वाच" म्हटलं, तेव्हा त्यांना आतला शब्द न् शब्द माहीत होता.

माझ्या हातातली किटली तशीच राहिली.

काका म्हणाले, "मी रागावलोच होतो त्यांच्यावर. म्हटलं, भाऊ, पहिल्याच कागदात साफ लिहिलं होतं, कुणाला माफ करू नका म्हणून. मग असं कसं केलंत? तर म्हणाले, पोरीनं वाचून दाखवलं असणार हो. ती एकही ओळ सोडत नाही. माझ्याच ध्यानात राहिलं नाही. माझ्या विसरण्यानं तिचं नागपूर गेलं."

मी किटली खाली ठेवली.

"आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगतात, पोरगी किती गुणाची बघा. कालचं पत्र वाचताना तिनं माझी चूक गाळली. म्हणाली, कंपनी हरली. बापाची अब्रू राखली तिनं. तुम्ही तिला कळू देऊ नका की मला कळलंय." काकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "तो असीरवाला दोनदा माझ्याकडे आला होता, पैसे द्यायला. मी भाऊंना म्हटलं, घ्या. तर म्हणाले, घेतले तर पोरगी विचारेल कशाचे, आणि मग सगळंच निघेल. तिनं एवढं झाकलंय, ते मी उघडं कसं करू?"

चार वर्षं. चार वर्षं तो माणूस माझ्यासमोर बसून, माझ्याबरोबर, कंपनीला चोर म्हणत होता. मनातल्या मनात स्वतःला म्हणत होता. आणि मी "चोरच" म्हणत होते.

काकांनी कप खाली ठेवला. "मन फार साफ होतं हो भाऊंचं. पण एवढी मोठी गोष्ट विसरायची म्हणजे..."

तेव्हा तरी मी बोलायचं होतं. आबा नव्हते, माय आत निजली होती, ऐकायला एक म्हातारा माणूस होता फक्त.

"हो," मी म्हटलं, "आबांना विसरायची सवयच होती." आणि कपबशी उचलून आत गेले.